दुखायचे थांबले, म्हणजे बरे झाले काय?



ह्या व्यासपीठावरून आपण वर्षानुवर्षे इतिहास ऐकत आला आहात. राजांचा, संतांचा, लढायांचा, चळवळींचा. आज मी आपल्यापुढे दाढेचा इतिहास मांडणार आहे. विषय ऐकून कोणी हसले तर माझी तक्रार नाही. मात्र ज्याची दाढ रात्री दोन वाजता ठणकली आहे तो हसणार नाही, अशी माझी खात्री आहे.

मी वैद्य नव्हे. कामगार संघटनेचे काम करताना जे वाचावे लागले आणि डॉक्टरांना विचारून जे समजून घ्यावे लागले, तेवढ्या शिदोरीवर मी बोलतो आहे. परंतु हा विषय माझ्या कामाबाहेरचा आहे असे मला वाटत नाही. दात वाचवावा की काढावा, हा प्रश्न सुस्थित घरात वैद्यकाचा असतो. रोजावर जगणाऱ्या घरात तो खाड्याचा असतो. दाढ दुखते म्हणून सहसा कोणी रजा मागत नाही, आणि मागितली तर मिळेलच असे नाही. तेव्हा माणूस गालात लवंग धरतो, तंबाखूची चिमूट दाबतो, एक गोळी घेतो आणि पाळीवर जातो. चार दिवस असे काढले की एके दिवशी ठणका आपोआप थांबतो. माणूस म्हणतो, सुटलो! आणि नेमका तेथेच घात होतो.

दात दुखायचा थांबला, ह्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, दात बरा झाला. दुसरा, दात आतून मेला. ह्या दोहोंतला फरक ओळखायला मनुष्यजातीला काही हजार वर्षे लागली. ती हकीकत मी आज सांगणार आहे. आणि आपल्या घरातल्या दुखऱ्या दाताला मुळापर्यंतच्या उपचाराची, म्हणजे आपण सारे ज्याला रूट कॅनल म्हणतो त्याची, गरज केव्हा असू शकते, ह्याच्या खुणा तिच्या ओघात आणि अखेरीस सांगणार आहे.

आधी दाताची घडण पाहू. दात बाहेरून दगडासारखा दिसतो, आणि त्याचे वरचे कवच खरोखरच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. कवचाखाली थोडा मऊ, पिवळसर थर असतो. त्याच्याही आत एक पोकळी असते आणि त्या पोकळीत जिवंत गर असतो. गरात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात. हा गर मुळातल्या बारीक नळीतून खाली जबड्याच्या हाडापर्यंत जातो आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून शरीराला जोडलेला राहतो. रक्त आत येते ते मुख्यतः तेथून, आणि बाहेर जाते तेही तेथूनच.

आता, पायाला ठेच लागली की पाय सुजतो. त्याला फुगायला जागा असते. दाताच्या गराला सूज आली तर त्याने फुगावे कोठे? चारी बाजूंनी भिंत आणि दार सुईच्या अग्राएवढे! आत दाब वाढतो, ठणका सुरू होतो, रक्ताचे येणेजाणे कोंडते, आणि सूज ओसरली नाही तर गर मरतो. गर मेला की त्यातली नसही मेली, दुखणार कोण? जंतूंना मात्र तो मेलेला गर म्हणजे भरलेले कोठार होय. तेथे रक्त पोहोचत नाही, म्हणून शरीराचे रक्षक पोहोचत नाहीत आणि पोटात घेतलेले औषधही पोहोचत नाही. त्या कोठारात वाढून जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. रूट कॅनल म्हणजे हे कोठार साफ करणे: दाताला वरून दार पाडायचे, मेलेला अथवा मरू घातलेला गर काढायचा, नळी धुऊन स्वच्छ करायची आणि पुन्हा कोणी शिरू नये अशी घट्ट बुजवायची.

हे ज्ञान अलीकडचे. जुन्या माणसाला दिसत होते ते एवढेच: दाताला पडलेले काळे भोक आणि आतून कुरतडल्यासारखी कळ. कुरतडणारे कोणी तरी आत असलेच पाहिजे, हा तर्क स्वाभाविक होता. बॅबिलोनी लोकांनी मातीच्या विटेवर कीलाक्षरांत लिहिलेला दातदुखीवरचा एक मंत्र उपलब्ध आहे. त्यात सृष्टीच्या आरंभी जन्मलेला किडा देवाकडे अन्न मागतो. देव त्याला फळे देऊ करतो. ती नाकारून किडा दात आणि हिरडी ह्यांच्यामधली जागा मागून घेतो.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत दातांचे आठ रोग सांगितले आहेत. त्यातली निरीक्षणे पाहिली की मान तुकवावीशी वाटते. दंतहर्ष म्हणजे दाताला थंड वगैरे न सोसणे, स्पर्श न सोसणे. आपण ज्याला दात आंबणे, दात शिवशिवणे म्हणतो ते. त्याच्या पुढचा प्रकार कृमिदंतक: दात काळा पडतो, त्याला भोक पडते, तो हलतो, पाझरतो, भोवती सूज येते, आणि काही कारण नसतानाही तो अतिशय ठणकतो. ‘काही कारण नसतानाही’ ही खूण ध्यानात ठेवा. आपल्याला पुन्हा तिच्याकडे यायचे आहे. उपाय म्हणून हलू लागलेला दात काढून जागा डागावी असे सुश्रुत सांगतो. पोकळ दात गुळाने अथवा मेणाने भरून डागावा असे वाग्भट सांगतो. आतला दुखरा भाग जाळून टाकावा आणि पोकळी रिकामी ठेवू नये, हे सूत्र त्याच्या हाती आले होते असे म्हणायला हरकत नाही. निरीक्षण अचूक होते. कारण तेवढे चुकले होते. आणि ते चुकलेले कारण आपल्या भाषेत अजून नांदते आहे. दाताला ‘कीड’ लागली, असेच आपण आजही म्हणतो.

ह्या किडीचा पुरावाही लोकांना मिळत होता! आपल्या खेड्यापाड्यांतून रिंगणीच्या बियांची धुरी दाताला देत. युरोपात हेच काम खुरासानी ओव्याच्या बियांकडून घेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्क्रिबोनियस लार्गस ह्या रोमन वैद्याने ही धुरी लिहून ठेवली आहे. बिया निखाऱ्यावर तापल्या की फुटतात आणि आतले पांढरे कोंब बाहेर पडतात. ते पाण्यात पडले की थेट बारीक किड्यांसारखे दिसतात. शिवाय खुरासानी ओवा गुंगी आणणारा आहे, त्यामुळे धुराने ठणका थोडा दबेही. पुरावा डोळ्यांसमोर आणि आराम गालात! अशा वेळी शंका कोण घेणार?

शंका घेणारा निघाला तो फ्रान्समध्ये. पिएर फोशार हा पोरवयातच आरमारात गेला आणि तेथे खलाशांच्या तोंडाचे रोग पाहत दंतविद्या शिकला. १७२८ साली पॅरिसमध्ये त्याने दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने सांगितले, की किडलेले दात आपण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, परंतु किडा काही दिसला नाही. पू कोंडून दुखणाऱ्या दाताला वरून वाट करून द्यावी, पू वाहून जाऊ द्यावा, लवंगेच्या किंवा दालचिनीच्या तेलात भिजवलेला कापूस ठेवावा, आणि पुढे ती पोकळी बुजवावी, हा त्याचा मार्ग होता. दुखरा दात म्हणजे उपटण्याचा दात, ह्या समजुतीला त्याने तडा दिला.

पुढचा प्रवास हा वैद्यांइतकाच कारागिरांचा आहे, आणि म्हणून तो मला विशेष प्रिय आहे. मुळातली नळी केसासारखी बारीक आणि वाकडीतिकडी. तिच्यात हत्यार घालायचे कसे? अमेरिकेत एडवर्ड मेनार्ड ह्याने १८३८ साली घड्याळाची स्प्रिंग कानशीने घासून तसे हत्यार केले. साफ केलेली नळी लाळेने पुन्हा नासते; त्यावर न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नमने १८६४ साली रबराचा पातळ पडदा दाताभोवती ताणून तो कोरडा ठेवण्याची युक्ती काढली. नळी बुजवण्यासाठी न कुजणारा, उष्णतेने मऊ होणारा पदार्थ हवा होता. तो मिळाला मलायाच्या जंगलातल्या झाडांच्या चिकात. त्याचे नाव गटापर्चा. १८६७ साली बाउमन ह्या अमेरिकन दंतवैद्याने तो मुळाच्या नळीत भरला, आणि दीडशे वर्षे उलटली तरी आजही बहुतेक ठिकाणी तोच भरतात. हाच चीक समुद्राखालून जाणाऱ्या तारांवर चढवीत. १८७० साली एडनमार्गे मुंबईला जी समुद्रतार येऊन पोचली, तिच्यावर ह्याच गटापर्चाचे वेष्टन होते. ज्या चिकाने समुद्राचे पाणी तारेत शिरू दिले नाही, तोच दाताच्या मुळात जंतूंना शिरू देत नाही.

हत्यारे आली, परंतु ती कोणाच्या तोंडापर्यंत पोचली? त्याच शतकात लंडनच्या काड्यापेटीच्या कारखान्यांत हजारो बायका आणि मुली पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करीत होत्या. ह्या वाफेने जबड्याचे हाड कुजते, हे व्हिएन्नातल्या लोरिन्सर ह्या डॉक्टराने १८४५ सालीच लिहिले होते. रोगाची सुरुवात साध्या दातदुखीने होई. मग हिरड्या सुजत, जबड्यातून पू वाहू लागे, त्याला असह्य दुर्गंधी येई, आणि हाडाचे तुकडे गळून पडत. ज्यांचे दात आधीच किडलेले असत, त्यांना हा रोग अधिक धरतो हे डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. म्हणजे ज्या कामगार मुलीला साधी दाढ भरून घेणे परवडत नव्हते, तिच्याच जबड्यावर हे संकट प्रथम येई.

१८८८ च्या जुलैमध्ये ब्रायंट अँड मे ह्या कंपनीच्या सुमारे १४०० कामगार स्त्रियांनी संप केला. त्याच्या आधी, जूनमध्ये, अ‍ॅनी बेझंट ह्यांनी आपल्या पत्रात त्यांची स्थिती उघडकीस आणली होती. ह्याच बेझंटबाई पुढे हिंदुस्थानात आल्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. संपाने दंड बंद झाले, आणि जेवायला वेगळी जागा मिळाली, म्हणजे भाकरीवर फॉस्फरस बसणे थांबले. फॉस्फरस मात्र थांबला नाही. १८९८ साली ह्याच कंपनीला रोगाची प्रकरणे दडवून ठेवल्याबद्दल दंड झाला. तो होता २५ पौंड ९ शिलिंग.

ह्या हकीकतीतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दात दुखतो हे कळले तर कामावरून जावे लागेल, म्हणून मुली दुखणे लपवीत. जी खूण वेळेवर सांगितली असती तर जबडा वाचला असता, तीच खूण पोटासाठी दडवावी लागे. ज्ञान होते, हत्यारे होती, लाल फॉस्फरसच्या निर्धोक काड्याही १८५५ पासून स्वीडनमध्ये निघत होत्या. नव्हती ती खाडा करून डॉक्टरकडे जाण्याची मोकळीक. १९०६ साली बर्न येथे पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बंद करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९१३ साली हिंदुस्थानातही तसा कायदा झाला. परंतु त्या जबड्यांचा धडा अजून संपलेला नाही. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून, किंवा कर्करोग हाडात उतरल्यावर, जी काही औषधे देतात, ती घेणाऱ्यांत दात काढल्यावर जबड्याचे हाड तसेच कुजू शकते, असे २००३ पासून डॉक्टरांच्या नजरेस आले आहे. अशा माणसाचा दात उपटण्यापेक्षा शक्य तर रूट कॅनल करून राखणे बरे मानतात. आपल्या घरात कोणी अशी औषधे घेत असेल, तर दंतवैद्याला ते आधी सांगावे.

आता पुन्हा दाताच्या आत जाऊ. १८९० साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर ह्या अमेरिकनाने सिद्ध केले, की तोंडातले जंतू साखर आणि पिष्ट खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. म्हणजे पुराणातली कीड परत आली, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतकी लहान होऊन! १८९५ साली रंटगेनला क्ष-किरण सापडले. अवघ्या काही आठवड्यांत, १८९६ च्या जानेवारीत, जर्मनीतल्या ओटो वाल्कहोफने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्याला २५ मिनिटे निश्चल बसावे लागले. अमेरिकेतल्या एडमंड केल्सने मुळाच्या नळीत तार घालून क्ष-किरणांनी तिची लांबी पाहिली. वरून धडधाकट दिसणाऱ्या दाताच्या मुळाशी हाड विरलेले असू शकते, हे आता दिसू लागले. मुका दात बोलता झाला. पण त्याची किंमत केल्सने मोजली. किरणांच्या माऱ्याने त्याची बोटे गेली, मग हात गेला, आणि वेदना सोसवेनात तेव्हा १९२८ साली त्याने आपले जीवन संपवले. दंतवैद्य आज आपल्या तोंडाचा फोटो काढताना स्वतः बाजूला का सरकतो, ह्याचे उत्तर ह्या माणसाच्या हातात आहे.

इतके झाल्यावर दात वाचू लागले असतील, असे आपल्याला वाटेल. झाले उलटेच. १९१० साली लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर ह्यांनी कॅनडात मॉन्ट्रियल येथे एक व्याख्यान दिले. सडलेल्या मुळांवर सोन्याची टोपणे चढवून दंतवैद्य आत घाण कोंडून ठेवतात, आणि तिच्यापासून साऱ्या शरीरात रोग पसरतात, असा त्यांचा आरोप होता. त्या काळच्या पुष्कळ कामाविषयी तो खराही होता. परंतु त्यातून जे वेड पसरले त्याला सीमा राहिली नाही. सांधे दुखतात, काढा दात! पोट बिघडते, काढा दात! अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन ह्याने वेड बरे करण्यासाठी रोग्यांचे दात उपटले, आणि एवढ्याने भागले नाही तेव्हा पोटातले अवयवही कापून काढले. त्यात कित्येक जण दगावले. दोन-तीन दशके निरोगी दातांचीही अशी कत्तल चालली. पुढे पुरावा काटेकोरपणे तपासला गेला तेव्हा हा डोलारा कोसळला. १९४३ साली रूट कॅनल करणाऱ्या दंतवैद्यांनी शिकागो येथे आपली संघटना स्थापली, आणि १९६३ साली अमेरिकेत ह्या विद्येला स्वतंत्र शाखेचा मान मिळाला.

शेवटचा निकाल उंदरांनी दिला. १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेरल्ड ह्या तिघा संशोधकांनी दोन प्रकारचे उंदीर घेतले: काही नेहमीचे, तर काही जन्मापासून पूर्ण निर्जंतुक जागेत वाढवलेले. दोघांच्याही दाढांना भोक पाडून त्यांनी आतला गर उघडा केला आणि तसाच सोडला. नेहमीच्या उंदरांचा गर सडला, मुळाशी गळू झाले. निर्जंतुक उंदरांच्या भोकात अन्न भरले तरी गर जिवंत राहिला आणि त्याने स्वतःवर नवे छप्पर बांधले. म्हणजे दात जन्मतः दुबळा नाही. जंतू नसतील तर तो स्वतःला सावरू शकतो. म्हणून सारी लढाई जंतूंना बाहेर ठेवण्याची आहे, आणि ती जितकी लवकर तितकी स्वस्त.

आता खुणा. आजारी दात सहसा एका क्रमाने बोलतो; तो क्रम आपण शिकून घेतला पाहिजे.

त्याची पहिली हाक हलकी असते. गार पाणी किंवा गोड लागले की सणक जाते, आणि ते दूर होताच सणकही जाते. हा दंतहर्ष. गर रागावला आहे पण सावरू शकतो. येथे बहुधा कीड कोरून दात भरला की भागते. रूट कॅनल लागत नाही. पुष्कळ माणसे हीच हाक ऐकत नाहीत, कारण ती फार दुखत नाही.

दुसरी हाक म्हणजे रेंगाळणारी कळ. गार पाण्याचा घोट गिळून झाला, तरी अर्धा मिनिट, एक मिनिट, कधी त्याहून अधिक वेळ कळ मागे राहते. गरम चहाने ठणका उसळतो. काही वेळा तर गार पाण्याची चूळ तोंडात धरली तरच बरे वाटते. ह्याच्याच जोडीला येते सुश्रुताची खूण: काही खाल्ले नाही, काही लागले नाही, तरी ठणका. तो रात्री वाढतो, आडवे पडले की वाढतो, झोपेतून उठवतो. कानापर्यंत, कानशिलापर्यंत जातो, आणि नेमका कोणता दात हे सांगता येत नाही. गर आता आपल्या बळावर सावरण्याची आशा थोडी असते. रूट कॅनलचा विचार येथे सुरू होतो. अलीकडे अशा काही दातांत वरचा रोगट गर तेवढा काढून खालचा जिवंत ठेवता येतो. पण तेही लवकर गेले तरच.

तिसरी हाक म्हणजे शांतता, आणि हीच सर्वांत फसवी. कारखान्यात महिनाभर कुरकुर चालली असावी आणि एके दिवशी सारे चिडीचूप व्हावे, तर शहाणा माणूस समाधान मानीत नाही. तो चौकशी करतो. काही उपचार न करता रात्रीचा ठणका थांबला, तर दाताच्या बाबतीत तेच करावे.

शांततेनंतर दुखणे जागा बदलते. आता गार-गरम लागत नाही, चावताना दुखते. तो दात इतरांहून उंच वाटतो, टिचकी मारली तर नेमका कळतो. जंतू मुळाबाहेर हाडात आल्याची ही खूण. मग त्या दाताजवळच्या हिरडीवर एखादी पुळी येते, तिच्यातून पू जातो, तोंडाला वाईट चव येते, पुळी बसते आणि काही दिवसांनी पुन्हा येते. पू वाहून जातो म्हणून दुखत नाही, एवढेच. पुळी सुईने फोडून काही साधत नाही; तिचे मूळ दाताच्या मुळात आहे. कधी दात काळसर, राखाडी पडतो; लहानपणी पडल्या-आपटल्याने मार बसलेला पुढचा दात असा वर्षांनंतर रंग बदलतो. आणि कधी तर ह्यांतले काहीच घडत नाही. दुसऱ्याच कारणाने काढलेल्या क्ष-किरणांच्या चित्रात मुळाशी काळा डाग दिसतो.

एका खुणेवरून निकाल देऊ नये. दंतवैद्य दाताला गार लावून पाहतो, ठोकून पाहतो, हिरडी मोजतो, क्ष-किरणांचे चित्र घेतो आणि मग ठरवतो. वरच्या दाढा सर्दीने नाकाशेजारच्या पोकळ्या सुजल्या तरी दुखतात. चालताना, जिना चढताना खालच्या जबड्यात कळ येते आणि थांबले की जाते, छातीत दडपण वाटते, घाम फुटतो, तर दाताकडे न पाहता तडक इस्पितळ गाठावे. ते दुखणे हृदयाचे असू शकते. तसेच, गाल अथवा हनुवटीखालचा भाग सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळवेना, श्वास अडू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. दाताच्या पुवाने माणसे आजही दगावतात.

आणखी दोन शब्द घरगुती उपायांविषयी. लवंगेच्या तेलात नस बधिर करणारे द्रव्य आहे, त्याने घटकाभर आराम पडतो. परंतु आराम म्हणजे उपचार नव्हे. मशेरी आणि तंबाखू दुखणे दाबतात आणि तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देतात. वेदनाशामक गोळी हिरडीवर ठेवली तर हिरडी भाजते. आणि दुकानातून आपल्याच मनाने घेतलेल्या जंतुनाशक गोळ्या मेलेल्या गरापर्यंत पोहोचतच नाहीत, हे आपण पाहिलेच.

प्रत्येक दात वाचतोच असेही नाही. मूळ उभे चिरले असेल, दात हिरडीखाली तुटला असेल, तर काढणेच योग्य. माझे म्हणणे इतकेच, की तो निर्णय दाताची स्थिती पाहून व्हावा, माणसाचा खिसा पाहून नव्हे. आपल्या देशात पहिले दंतमहाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनी १९२० साली कलकत्त्यात काढले. १९४८ साली दंतवैद्यांविषयीचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी कामगारांच्या राज्य विम्याचाही कायदा झाला. दोन्ही कायदे एका वर्षाचे भाऊ. पण कष्टकऱ्याच्या दाढेशी त्यांची एकत्र गाठ क्वचितच पडते. आजही पुष्कळ जण ठणका असह्य झाल्यावर येतात आणि ‘उपटून टाका’ म्हणतात, कारण उपटणे एका फेरीत होते. दात राखायला बहुधा अधिक फेऱ्या, अधिक पैसे आणि अधिक खाडे लागतात.

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ अशी म्हण आपण दैवाला दोष देण्यासाठी वापरतो. चणे मिळवण्यासाठी ज्यांनी जन्मभर कष्ट केले, त्यांचे दात चणे येईपर्यंत टिकले पाहिजेत, आणि हे दैवावर सोडण्याचे काम नव्हे. दंतवैद्याकडे जायला अर्धा दिवस भरपगारी रजा मागणे ही चैन नाही. काड्यापेटीच्या कारखान्यातल्या मुलींना ती मिळाली असती तर कित्येक जबडे वाचले असते. आणि ज्यांना रजेची अडचण नाही, त्यांनी आज घरी गेल्यावर आपल्या माणसांना एवढेच विचारावे: मागे तुमची जी दाढ दुखत होती, ती कशाने थांबली? उपचाराने थांबली असे उत्तर आले तर ठीक. ‘आपोआप थांबली’ असे आले, तर उद्याच दंतवैद्याचा दरवाजा ठोठवावा.